हिवाळी सायकल-भटकंतीचा मुक्काम: आधी अंगाखालचं बघा, पांघरूण नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या डिसेंबरात तुम्ही तिघं सायकलवर उजनीला गेलात, पाण्याच्या कडेला तंबू लावला, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला. प्रत्येकाकडे दोन-दोन सोलापुरी चादरी होत्या, तरी रात्री अडीचनंतर कुणाचाच डोळा लागला नाही आणि दुसऱ्या दिवशी पायांत जोर राहिला नाही. यंदा नाताळच्या सुट्टीत तुळजापूर, बार्शी, उजनी, पंढरपूर असा फेरा करून सोलापुरात परतायचंय, बरोबर एक मैत्रीण येतेय आणि पैसे बेताचे आहेत. तेव्हा स्लीपिंग बॅग कुठली घ्यावी?

बॅग यंदा नाही घेतली तरी चालेल. अंगाखाली घालायची चटई मात्र घेतलीच पाहिजे. तुम्हाला थंडी वाजली ती बहुतांशी खालून.

चादर असो, गोधडी असो की हजारो रुपयांची बॅग, ऊब धरून ठेवते ती धाग्यांमध्ये अडकलेली हवा. वर पांघरलेल्या चादरीत ती हवा टिकते. अंगाखाली घेतलेली चादर साठ-सत्तर किलोच्या वजनाखाली चपटी होते, हवा निघून जाते आणि तुमची पाठ नि जमीन यांच्यात नुसतं कापड उरतं. गार जमीन मग रात्रभर तुमच्या अंगातली उष्णता ओढत राहते. प्लॅस्टिकच्या कागदाने ओल अडते, थंडी अडत नाही. म्हणून दोनाच्या चार चादरी नेल्या असत्या तरी पहाटे तेच झालं असतं. कंबर, खांदे आणि टाचा आधी गार पडल्या होत्या का, आठवून बघा. खालून थंडी लागण्याची ती खूण आहे.

चटई फोमची घ्या, जिच्या आत पाणी शिरत नाही अशा बंद छिद्रांच्या फोमची, १० ते १२ मिलिमीटर जाडीची. घरातली योगा मॅट पातळ असते, ती एकटी पुरत नाही. चटया किती थंडी अडवतात ते आर-व्हॅल्यू नावाच्या आकड्याने मोजतात. चांगल्या फोमच्या चटईचा हा आकडा २ च्या आसपास असतो आणि आपल्याकडच्या थंडीला तो पुरतो. दोन चटया एकावर एक घातल्या की आकड्यांची बेरीज होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. फुगवायच्या गाद्या मऊ आणि आटोपशीर असतात, पण साध्या, आत अस्तर नसलेल्या गादीत हवा खेळती राहते आणि तीच उष्णता खाली नेऊन सोडते. शिवाय आपल्या माळरानावर सराटे आणि बाभळीचे काटे आहेत. ज्या जमिनीवर सायकलची ट्यूब टिकत नाही तिथे गादी टिकणार नाही. पहाटे तीनला गादी बसली की तुम्ही थेट जमिनीवर असता. फोमला काटा लागला तरी त्याचं काही बिघडत नाही. कॅरिअरवर आडवी बांधली की ती भिजली तरी झटकून वापरता येते.

पैसे अगदीच कमी असतील तर मुक्कामाच्या गावातल्या किराणा दुकानातून पुठ्ठ्याची दोन-तीन रिकामी खोकी मागून घ्या. उलगडून खांद्यापासून ढुंगणापर्यंत पसरा, त्यावर योगा मॅट. पुठ्ठ्यातल्या नळ्यांमध्ये हवा असते, तो चांगलं काम करतो. पायांखाली रिकाम्या पिशव्या नि पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या थैल्या, सरकवा. शेतवस्तीवर उतरलात आणि ऊस तुटून गेलेला असेल तर पाचट मागा, हाताच्या वीतभर जाडीचा थर घाला. आधी काठीने ते नीट हलवून, झटकून घ्या, आणि उजेड असतानाच. हिवाळ्यात घोणस फिरती असते, पाचटात हात घालू नका. कडब्याच्या पेंढ्याही उत्तम, पण कडबा म्हणजे शेतकऱ्याच्या जनावरांची वैरण. मालकाला विचारूनच घ्या, वर ताडपत्री टाका म्हणजे चुरा होणार नाही, आणि सकाळी पेंढ्या जशा होत्या तशा बुचाडाला लावून द्या.

देवळात मुक्काम केला की प्रश्न मिटला असं समजू नका. आपल्याकडे सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात सगळीकडे शहाबादी फरशी. ती उन्हाळ्यात सुखाची आणि हिवाळ्यात त्याच कारणाने वाईट. दगडातून उष्णता कोरड्या मातीपेक्षा फार लवकर वाहून जाते. तिथेही पुठ्ठा आणि चटई दोन्ही लागतात.

आता जागेबद्दल, कारण उजनीला तुमची अर्धी थंडी जागेने केली होती. डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात दुपारी पारा ३० च्या आसपास असतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी. ढग आणि बाष्प नसल्यामुळे जमिनीने दिवसभर घेतलेली उष्णता सूर्य मावळताच सरळ आकाशात निघून जाते. म्हणून दुपार आणि पहाट यांत १५ अंशांचा फरक इथे नवलाचा नाही. एरवी पहाट १४-१५ वर थांबते, उत्तरेची थंड हवा आली की १० च्या घरात उतरते, कधी त्याच्याही खाली. पण बातम्यांतले हे आकडे जमिनीपासून चांगलं चार-पाच फुटांवर, पेटीतल्या तापमापकावर घेतलेले असतात. तुम्ही झोपता जमिनीलगत. वारा पडलेल्या स्वच्छ रात्री तिथली हवा आणखी काही अंश गार असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हाही गावातला पारा शून्याच्या वर असतो. गोठतं ते पाण्याकाठच्या खोलगट भागातल्या गवतावर.

उजनीला तुम्ही नेमक्या अशाच ठिकाणी होतात. थंड हवा जड असते, ती उताराने खाली येऊन खोलगटात साचते. त्यात यशवंतसागराचं, म्हणजे उजनी धरणाचं, एवढं विस्तीर्ण पाणी रात्रभर वाफ सोडतं, ती गार हवेत दव होऊन तंबूवर आणि चादरींवर बसते. सुती चादर दव पिते आणि ओली झाली की ऊब देईनाशी होते. पाण्यापासून शे-दोनशे पावलं मागे, दहा-पंधरा फूट वर चढून तंबू लावला असता तर फरक तुम्हाला अंगावर जाणवला असता. सूर्योदय आणि पाणपक्षी बघायला सकाळी चालत खाली जाता येतं.

जागा निवडताना मी आधी झाड बघतो. डोक्यावर आंबा, चिंच, कडुलिंब असं दाट झाड असलं की आकाशाकडे जाणारी उष्णता बरीच अडते आणि दव कमी पडतं. बाभूळ मात्र टाळा, काट्यांमुळे. मग जमीन. मुरमाड माळ उत्तम, पाणी धरत नाही. काळ्या रानात भेगा असतात, आणि शेजारी उसाला किंवा गव्हाला पाणी सुटलं असेल तर ओल आणि गारवा दोन्ही येतात. उसाच्या फडाला खेटून तंबू लावू नका, बिबट्याचा वावर आता जिल्ह्यातही नवा राहिलेला नाही. वाऱ्याच्या बाजूला बांध, भिंत किंवा गंज असली तर उत्तम. तंबूचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला, आणि जमलं तर पूर्वेकडे मोकळं, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन तंबूवर पडेल. हे सगळं पारखायला उजेड लागतो. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे रात्र तेरा तासांची. साडेचार-पाचला मुक्कामाला पोहोचलंच पाहिजे असा दिवसाचा हिशेब ठेवा, त्यासाठी दहा किलोमीटर कमी झाले तरी चालतील. वस्तीवर विचारल्याशिवाय कुणाच्या रानात उतरू नका. विचारलं की आपली माणसं बहुधा गोठ्याशेजारची कोरडी जागा स्वतःहून दाखवतात.

सायकलवाल्यांचा दुसरा शत्रू घाम. चालणाऱ्यापेक्षा आपल्याला तो जास्त त्रास देतो, कारण सायकलवर वारा लागत असतो आणि घाम आलाय हे कळतच नाही. तुळजापूरचा घाट चढून वर पोहोचलात की बनियन, जर्सी, कमरेचा पट्टा सगळं ओलं असतं. थांबलात, सूर्य मावळला, आणि तेच ओले कपडे अंगावर ठेवून चहा पीत बसलात की पुढच्या अर्ध्या तासात शरीर जी उष्णता गमावतं ती रात्रभर भरून निघत नाही. ओल्या कापडातून उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते.

म्हणून शेवटचे चार-पाच किलोमीटर मुद्दाम सावकाश चालवा, जर्सीची चेन खुली ठेवून, म्हणजे अंगावरचा घाम बराचसा वाळेल. थांबल्याबरोबर तंबूच्याही आधी कपडे बदला. आतल्या चड्डीपासून पायमोज्यांपर्यंत सगळं. ओल्या पंचाने अंग पुसून घ्या, कारण वाळलेलं मीठ रात्री हवेतली ओल धरतं, आणि लगेच कोरड्या पंचाने खसखसून चोळा. मग झोपायचे कपडे. हा जोड वेगळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला, आणि तो घालून कधीही सायकल चालवायची नाही, सकाळी कितीही गार वाटलं तरी. दिवसभराच्या ओल्या कपड्यांत परत शिरणं नकोसं वाटतं, पण पाच मिनिटं पेडल मारलं की अंग तापतं. रात्री मात्र हा एकच कोरडा जोड तुमच्याकडे असतो. त्यात एक पूर्ण बाह्यांचं थर्मल किंवा लोकरी बनियन, लांब विजार, सैल लोकरी मोजे आणि कानटोपी एवढं पुरे. मोजे सैल म्हणतोय ते मुद्दाम. दोन जोड घट्ट घातले की रक्त खेळत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. पॅड लावलेली सायकलिंगची चड्डी घालून तर झोपूच नका, तो पॅड तासन्‌तास ओला राहतो.

पांघरुणाचं आता. सोलापुरी चादर मला प्रिय आहे आणि घरात तिच्यासारखं पांघरूण नाही. पण सायकलवर ती दोन कारणांनी अवघड जाते: वजन, आणि सुती असल्यामुळे ओल धरणं. घरच्या काट्यावर दोन चादरी ठेवून बघा, तेवढ्या वजनात स्लीपिंग बॅग आणि चटई दोन्ही येतात. तरीही याच वर्षी बॅग घ्यायची नसेल तर एक चादर लांबीत दुमडून तळ आणि एक बाजू शिवून घ्या, पिशवीसारखी. कुशीवर वळलं की बाजूने वारा शिरणं थांबतं, आणि पांघरुणात थंडी बरीचशी तिथूनच शिरते. तिच्यावर दुसरी चादर सैल टाका, आवळू नका.

घरात किंवा आजोळी जुनं घोंगडं असेल तर ते नक्की न्या. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, सनगरांनी मागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं टोचतं आणि जड असतं, हे खरं. पण लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं बाष्प पिऊनही ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. ठिणगी पडली तर नायलॉनसारखी वितळत नाही. धनगर आजही मेंढरांमागे उघड्या माळावर त्याच्या भरवशावर झोपतात. तिघांत-चौघांत मिळून दोन घोंगडी असली की एक चटईंखाली आडवं अंथरता येतं, एक सगळ्यांवर.

बॅग घ्यायचीच असेल तर सिंथेटिक भरावाची घ्या. पिसांची हलकी असते, पण महाग, आणि ओली झाली की निकामी. आकडे वाचताना जपा. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. कम्फर्टचा आकडा सर्वसाधारण स्त्रीच्या झोपेवरून आणि लिमिटचा सर्वसाधारण पुरुषाच्या झोपेवरून ठरतो. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल, तो आकडा विसरून जा. तुम्हा सगळ्यांसाठी, आणि मैत्रिणीसाठी तर नक्कीच, कम्फर्ट ५ अंशांची बॅग घ्या. स्वस्त बॅगांवर एकच आकडा ठळक छापलेला असतो, त्यावर विसंबू नका. चौघांत एकच बॅग परवडत असेल तर ती जो सगळ्यात लवकर गारठतो त्याला द्या.

तंबूने ऊब येते हा गैरसमज आहे. तो वारा आणि दव अडवतो, एवढंच त्याचं काम. रात्रभरात प्रत्येक जण श्वासातून आणि कातडीतून पाव-अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेनी बंद केल्यात की तेच पाणी पहाटे छतावरून तुमच्यावर टपकतं. वरची झडप आणि खालची एक फट उघडी ठेवा. तोंड पांघरुणात घालून झोपू नका, श्वासाने आतूनच ओल येते. त्यासाठीच कानटोपी आणि गळ्याला मफलर.

शेकोटी जरूर करा, हुरडा भाजा, गप्पा मारा, पण तंबूपासून दहा-बारा पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. नायलॉनला एक ठिणगी पुरते, आणि शेजारी कडबा किंवा पाचट असेल तर शेकोटीचं नावही काढू नका. निखाऱ्याची शेगडी, घमेलं, गॅसचा स्टोव्ह यांतलं काहीही तंबूच्या आत कधीही नेऊ नका. दार उघडं ठेवलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. ही गोष्ट चौघांपैकी प्रत्येकाला पाठ असली पाहिजे.

आतली भट्टी पेटती ठेवायला खाणं लागतं. रात्री पोटभर गरम: पिठलं, भाकरी, वर तेल घातलेली शेंगा चटणी. शेंगदाण्यातला स्निग्ध भाग सावकाश जळतो, तो पहाटेपर्यंत पुरतो. उशाशी गूळ-शेंगदाण्याची पुडी ठेवा. तीनला जाग आली आणि अंग गार वाटलं तर मूठभर खा, वाट बघत कुडकुडत पडू नका. थंडीत पाणी कमी प्यायलं जातं, दिवसा आठवणीने प्या. रात्री लघवीला लागलं तर कंटाळा न करता जाऊन या. उठण्याच्या कंटाळ्याने रात्रभर झोप मोडते, पाच मिनिटांच्या गारठ्याने नाही. दारूने ऊब येते ही समजूत धोक्याची आहे. तिने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, आणि त्याच वेळी अंगातली उष्णता झपाट्याने बाहेर जाते.

झोपण्याआधी एक साधा उपाय करा, खर्च काही नाही. स्टीलची साधी, एकाच भिंतीची बाटली घ्या, थर्मास नको. जेवण झालं की उकळलेलं पाणी भरा, झाकण घट्ट लावून बाटली उलटी धरा आणि थेंब येत नाही ना ते बघा. मग ती जाड मोज्यात घालून दोन मांड्यांच्या मध्ये ठेवा. मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते, तिथलं रक्त तापलं की पावलांपर्यंत ऊब पोहोचते. उघड्या कातडीला लावू नका, भाजतं. पांघरुणात शिरण्याआधी वीसेक बैठका मारा, घाम येणार नाही इतपत. पांघरूण ऊब तयार करत नाही, तुम्ही आणलेली ऊब राखतं. गार अंगाने शिरलात तर बराच वेळ गारच राहाल.

सकाळच्या प्रवासाचं थोडक्यात. १२ अंशांत ताशी २० किलोमीटरने निघालं की वारा छातीत घुसतो. विंडचीटर आणि त्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी, हातमोजे, गुडघे झाकलेले. तुळजापूरहून खाली उतरायच्या आधीच हे सगळं चढवा, उतारावर मध्येच थांबून नव्हे. नऊ वाजता ऊन तापलं की एकेक उतरवत जा, घाम येईपर्यंत थांबू नका.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. कोरड्या ८ अंशांपेक्षा पावसात भिजून वाऱ्यात काढलेले १५ अंश जास्त घातक असतात, आणि अवकाळी पाऊस आपल्याकडे हिवाळ्यातही येतो. कुणी भिजून थरथर कापतोय, मग बोलणं अडखळतंय, पाय नीट पडत नाहीत, किंवा कापणं एकाएकी थांबलंय पण तो सुस्त झालाय, असं दिसलं तर मुक्कामाचा बेत तिथेच सोडा. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, दोघांच्या मध्ये घ्या, शुद्धीत असेल तर गोड गरम काही पाजा आणि जवळच्या वस्तीवर दार ठोठावून दवाखान्याची सोय करा.

निघण्याआधी एक रात्र तालीम म्हणून बाहेर काढा. गच्चीवर नको, शहरातल्या सिमेंटची ऊब फसवते. शनिवारी दुपारी हत्तरसंग कुडलला जा, सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर. भीमा-सीनेच्या संगमावर हवा अशीच खाली साचते, म्हणून मुक्काम संगमाशी न करता वरच्या गावाच्या बाजूला, कुणाला विचारून करा. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा शिलालेख उजेडात बघून घ्या. चौघांपैकी दोघांनी चटईखाली पुठ्ठा घाला, दोघांनी घालू नका. सकाळी कोण किती वाजता जागा झाला आणि अंगाचा कुठला भाग आधी गार पडला हे लिहून ठेवा. ते मला कळवलंत तर उजनीसाठी नेमकं काय वाढवायचं ते सांगता येईल.